जांभळ्या चौकोनाबद्दल

जिनिव्हा

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही म्हणालात, "तुमची डब्ल्यूएचओ आमच्या उपकेंद्रापर्यंत येते तरी कुठे?" येते ती लसीच्या बाटलीवरच्या जांभळ्या वर्तुळापर्यंत. बालकांच्या नेहमीच्या लसी ही संघटना बनवतही नाही, टोचतही नाही. ती कारखाना आणि चाचण्यांचे कागद तपासून लसीला 'प्रीक्वालिफिकेशन', म्हणजे दर्जाची पूर्वमान्यता, देते, मग युनिसेफ अशा मान्य लसींच्या यादीतून अनेक देशांसाठी खरेदी करते. आपल्या पुण्याच्या सीरमचा माल आफ्रिकेत जातो तो याच वाटेने.

ते जांभळं वर्तुळ म्हणजे व्हीव्हीएम (व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर), बाटलीला लागलेली उष्णता दाखवणारी खूण. तो १९९६ साली आधी पोलिओच्या थेंबांच्या बाटलीवर आला. आतला चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस चालते. दोन्ही सारखे झाले किंवा चौकोन गडद झाला, की बाटली बाद. पोलिओचा चौकोन ३७ अंशांना साधारण २ दिवसांत गडद होतो, हिपॅटायटिस-बीचा ३० दिवसांत, कारण ती लस उष्णता जास्त सोसते. एकदा चढलेला रंग बाटली परत थंड केली तरी उतरत नाही. एमआर (गोवर-रुबेला), बीसीजी (क्षयरोग) या लसींवर हा व्हीव्हीएम टोपणावर असतो: पूड विरघळवून केलेली लस ४ तासांत संपवायची किंवा टाकायची, मग टोपण गेलं तरी बिघडत नाही.

पण हा चौकोन फक्त उष्णता सांगतो, गोठणं नाही. आणि उन्हाची धास्ती सगळे घेतात, बर्फाची कुणी घेत नाही. पेंटा (पाच रोगांची एकत्र लस), टीडी (धनुर्वात-घटसर्प), हिपॅटायटिस-बीमध्ये अॅल्युमिनियमचा क्षार असतो. गोठल्यावर त्याचे कण एकमेकांना चिकटतात, वितळल्यावर सुटत नाहीत, लस निकामी होते आणि चौकोन मात्र फिकाच! बहुतेक वेळा दोष आईसपॅकचा. फ्रीझरमधून काढून तसाच कॅरिअरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या डब्यात, घातलेला. तो बाहेर ठेवायचा आणि हलवून पाहायचा. आत पाणी खळखळलं की मगच भरायचा. थंडीत याला तासभरही लागतो, तेव्हा लसीकरणाच्या सेशनच्या दिवशी ते काम सगळ्यात आधी.

शंका आलीच तर शेक टेस्ट. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक बाटली रात्रभर मुद्दाम गोठवा. तिच्यावर आधीच मोठ्या अक्षरांत 'गोठवलेली' लिहा, नाहीतर ती चुकून टोचली जाते. वितळल्यावर ती आणि शंकेची बाटली एकाच हातात धरून १०–१५ सेकंद हलवा, उजेडात शेजारी ठेवा, अर्ध्या तासापर्यंत बघा. शंकेच्या बाटलीतला साका गोठवलेलीइतक्याच किंवा जास्त वेगाने खाली बसला, तर त्या बाटलीबरोबरचा सगळा गठ्ठा बाजूला काढा. डोळ्यांदेखत घट्ट गोठलेली असेल तर टेस्टची गरजच नाही, सरळ बाद.

आयपीव्हीला, म्हणजे टोचायच्या पोलिओ लसीला, मात्र ही टेस्ट लावू नका. तीही गोठून बिघडते, पण तिच्यात तो क्षार नाही, त्यामुळे बाटलीत काहीच दिसणार नाही.

दादाला नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमचा धाकटा दीर