सुरुंग, चीडाची झाडं आणि सेकंड लेफ्टनंट राणे

प्रिय भावा,

परवा रात्री तू तो फॉरवर्ड पाठवलास, जगात सगळ्यात जास्त मेडल मिळवलेले सैनिक वगैरे, आणि खाली विचारलंस की आपल्याकडे सगळ्यात जास्त कोणाकडे. मी नुसता अंगठा टाकून गप्प बसलो कारण दोन ओळीत सांगण्यासारखं नव्हतं. आज रविवार, घरात कोणी नाही, तेव्हा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस.

तर पहिलं म्हणजे छातीवरच्या रिबिनी मोजून काही कळत नाही रे. त्यातल्या निम्म्याअधिक नोकरीच्या असतात, इतकी वर्षं सेवा झाली, अमुक भागात पोस्टिंग होतं, तमुक मोहिमेत हजर होता. परम विशिष्ट सेवा मेडल ऐकायला परमवीर चक्रासारखंच वाटतं पण ते वरच्या हुद्द्यावरच्या अधिकाऱ्यांना सेवेबद्दल देतात, त्याचा समोरासमोरच्या लढाईशी संबंध असेलच असं नाही. शत्रूसमोरच्या शौर्याला परमवीर, मग महावीर, मग वीर चक्र. शत्रूसमोर नसेल तर अशोक, कीर्ती, शौर्य, म्हणून तर तुमच्या जावळीतल्या केडंब्याच्या तुकाराम ओंबळेंना अशोक चक्र मिळालं. आणि परमवीर आजवर फक्त 21 जणांना, त्यातले 14 गेल्यावर. आता यात जास्त कोणाकडे हे काय मोजणार.

पण तू रस्त्याची कामं करतोस म्हणून त्या 21 मधला एक माणूस तुला मुद्दाम सांगायचाय. रामा राघोबा राणे. कारवारकडचे, 1940 ला बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झालेले, म्हणजे आपले खडकीचे बॉम्बे सॅपर्स, सैन्यात रस्ते, पूल, सुरुंगांचं काम करणारे. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढताना बुथिडाँगला यांची तुकडी मागं ठेवली, मागं राहिलेलं सामान उडवा मग नेव्ही तुम्हाला घेऊन जाईल असं सांगून, आणि नेव्हीचं काही जमलं नाही, तर हे गडी जपानी गस्तीच्या मधून नदी ओलांडून आपले आपण परत आले. हा माणूस पुढं अधिकारी झाला आणि 1948 ला काश्मीरमध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर येऊन पोचला.

त्या रस्त्यावर काय झालं ते त्यांच्या परमवीरच्या मानपत्रात वेळेसकट लिहिलंय आणि मला ते वाचताना तुझी साईटची डायरीच आठवली. 8 एप्रिलला 4 डोग्रा पलटणीबरोबर 26 व्या मैलापासून पुढं जायचं होतं. पुढं सुरुंग पेरलेले, रस्त्यावर अडथळे. काम सुरू करायच्या आधीच तोफगोळे (मॉर्टरचे) पडायला लागले, सुरुंग काढणाऱ्या पार्टीतले दोघं जागीच गेले, पाच जखमी, त्या पाचात राणे स्वतः. त्यांनी उरलेली माणसं परत गोळा केली आणि कामाला लागले. दिवसभर रणगाड्यांच्या आसपास, संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला बरवालीची धार आपल्या ताब्यात आली तर हे लगेच पुढं जाऊन रणगाड्यांसाठी डायव्हर्जन काढायला लागले, शत्रूला सगळं दिसतंय, मशीनगन चालू आहे, आणि काम रात्री 10 पर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी 6 ला पुन्हा सुरू, दुपारी 3 ला डायव्हर्जन तयार. मग सगळ्यात पुढच्या गाडीत बसून निघाले, अर्धा मैल गेले तर चीडाची (पाईनची) झाडं आडवी पाडलेली, उतरून सुरुंग लावून उडवली. 300 यार्डावर परत तेच. त्याच्या पुढं मोरी (रस्त्याखालचा छोटा पूल) फोडलेली आणि मोरीवर मशीनगन रोखलेली, तिथं बाजूनं डायव्हर्जन काढून कॉलम, म्हणजे रणगाड्यांचा ताफा, पुढं नेला. अंधार पडताना पाच मोठी झाडं आणि भोवती सुरुंग, तिथंही हे काढायला बसले होते, पण कमांडरनं कॉलम रात्रीपुरता सुरक्षित जागी थांबवला.

10 तारखेला पहाटे पावणेपाचला कामाला सुरुवात. साडेसहाला तो अडथळा साफ. पुढचे हजार यार्ड म्हणजे नुसते अडथळे आणि उडवलेले भराव, ते साडेदहाला साफ. रणगाडे तावी नदीच्या पात्रात उतरून पुढं गेले आणि 2 वाजता चिंगसला पोचले सुद्धा, पण राणे काही रणगाड्यांमागं गेले नाहीत, मागून रसदीच्या गाड्या यायच्या त्यांना रस्ता लागणार, म्हणून रात्री 9 पर्यंत खाणं नाही विश्रांती नाही, काम. 11 ला सकाळी 6 ते 11 मध्ये चिंगसपर्यंत रस्ता खुला, आणि रात्री 10 पर्यंत त्याच्या पुढचा. 12 ला आपलं सैन्य राजौरीत.

(चिंगस म्हणजे तेच, जिथं काश्मीरहून परतताना वारलेल्या जहांगीर बादशहाची आतडी पुरली असं म्हणतात. लोकांना त्या जागेचं हेच ठाऊक असतं.)

आता बघ, अख्ख्या मानपत्रात राणेंनी एकाला मारल्याचा उल्लेख नाही. चार दिवस माणूस फक्त रस्ता करत होता. लिहिणाऱ्यानं मधे मधे अतिमानवी, असीम धैर्य असले शब्द टाकलेत पण मला ते फिके वाटतात, खरा दणका त्या वेळांचा आहे, 4.45, 6.30, 10.30. एका झटक्यात अंगावर धावून जायला लागतं ते वेगळं काळीज. पण जखमी होऊन, दोन माणसं गमावून, रात्री 10 ला काम थांबवून सकाळी 6 ला परत त्याच बंदुकीसमोर जायचं, आणि हे रोज, ह्याला काय म्हणायचं मला सांग. फॉरवर्डच्या यादीत हे येत नाही कारण यात सांगायला आकडा नाही.

अंगावर धावून जाणारे आपल्याकडे कमी नाहीत ते वेगळं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे, मराठा लाईट इन्फंट्री, जुलै 1944, इटलीत तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात. सेक्शनमधले (त्यांच्या छोट्या तुकडीतले) सगळे मेले किंवा जखमी झाले, हे एकटे उभे. ग्रेनेड टाकून मशीनगन बंद केली, टॉमीगननं एकाला पाडलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. मग स्नायपरची गोळी लागली. वय 22, कबर माहीत नाही, कॅसिनोच्या स्मारकावर नुसतं नाव. दुसरे नगर जिल्ह्यातले निमजचे नामदेव जाधव, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी. दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून परत आणून ठेवलं, तिसऱ्यांदा नदी ओलांडून मशीनगनवर गेले, हाताला लागलं तर टॉमीगन फेकून ग्रेनेडवर आले, आणि शेवटी काठावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना देऊन बाकीच्या कंपन्यांना बोलावलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक.

यांना आपण नीट लक्षात ठेवत नाही कारण मेडलवर इंग्रजाच्या राणीचं नाव आहे. मला हे कारण पटत नाही. इंग्रजाचं राज्य वाईटच होतं, पण पळसगावचा पोरगा सेक्शन पडलेली बघून पुढं गेला तेव्हा त्याच्या डोक्यात लंडन असेल असं मला तरी वाटत नाही.

आणि परमवीर चक्राचं डिझाईन कोणी केलंय माहितीये का, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या बाईनं! विक्रम खानोलकर नावाच्या आपल्या सैन्यातल्या मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून सावित्रीबाई खानोलकर झालेल्या. चार बाजूंना इंद्राचं वज्र, मध्ये राजमुद्रा, जांभळी रिबीन. मेडल काशाचं, सोनं चांदी नाही. पहिलं परमवीर मेजर सोमनाथ शर्मांना, आणि ते निघाले सावित्रीबाईंच्या मोठ्या मुलीचे दीर.

आता तुझं काम. कारवारला समुद्राकाठी वॉरशिप म्युझियमपाशी राणेंचा पुतळा आहे, दिवाळीनंतर गोव्याला जायचं ठरतंय तर तिथून खाली उतरू, तासा-दीड तासाचा प्रश्न आहे. जाताना गाडी माणगाववरून घेतली तर घाडगेंचा पुतळाही बघता येईल, फक्त तुझ्या बायकोला लांबच्या रस्त्याचं तू सांग, मी सांगणार नाही. आणि त्याआधी मला हिशोब करून कळव, डोंगराच्या कडेला फुटलेल्या मोरीच्या बाजूनं रणगाडा जाईल असं डायव्हर्जन काढायला, जेसीबी नाही, फावडी आणि दारूगोळा एवढंच, तुझी माणसं किती तास घेतील? गोळीबार धरू नकोस, नुसतं काम धर.

तुझाच