जुन्या मोटारीचे कुजलेले लाकूड बदलणे हा ‘फेरफार’ ठरतो काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पन्नास वर्षांहून जुन्या खासगी मोटारी आणि दुचाकी यांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्वतंत्र तरतूद केली. अशा वाहनाच्या नव्या नोंदणीला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, तिचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती १० वर्षे टिकते. आधीपासून नोंदलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी हे वाहन रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज मोटारींची रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी ते चालवता येते. या साऱ्या अटी मला रास्त वाटतात आणि जुनी मोटार म्हणजे भंगार नव्हे हे सरकारी कागदावर आले याचा मला मनापासून आनंद आहे. माझा प्रश्न फक्त एका अटीपुरता आहे. वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि चासी (गाडीची खालची चौकट), बॉडी शेल (तिच्यावरची बॉडी) किंवा इंजिन यांत फेरफार होईल असे मोठे काम त्याच्यावर झालेले नसावे, असा तिचा आशय आहे. मोटार घरी, स्वतःच्या हाताने, वर्षानुवर्षे खपून मूळपदावर आणणाऱ्या माणसाने या अटीचा अर्थ काय घ्यायचा, हे कोठेही स्पष्ट केलेले मला आढळले नाही.

माझ्याकडे एमजी या इंग्लिश कंपनीची १९५१ सालची टीडी ही दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आहे. आज रस्त्यावर एमजीचे अष्टकोनी चिन्ह लावलेल्या मोठ्या गाड्या दिसतात, त्यांच्याशी हिचे नाते नावापुरतेच. इंग्लंडातील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५३ पर्यंत या जातीच्या तीस हजारांना थोड्या कमी मोटारी तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. माझे मामा गिरगावात डॉक्टर होते. त्यांनी ही गाडी १९६२ मध्ये जुनीच विकत घेतली आणि वीसेक वर्षे चालवली. त्यांच्या पश्चात नोंदणीचे नूतनीकरण झाले नाही. मामींनी २०१४ मध्ये ती माझ्या स्वाधीन केली, तेव्हा ती टेम्पोवर चढवून पार्ल्याला आणावी लागली. मी कारखान्याच्या टूलरूममध्ये उभा जन्म काढलेला माणूस आहे, त्यामुळे इंजिनाचे भय नव्हते. मला अडवले ते लाकडाने.

टीडीची चासी पोलादी असते, परंतु तिच्यावरची बॉडी ॲश नावाच्या लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून केलेली असते. ॲश चिवट आणि लवचिक असते, धक्के सोसते. हत्यारांचे दांडे आणि क्रिकेटचे स्टंप इंग्लंडात याच लाकडाचे करतात. पाण्यापुढे मात्र त्याचा टिकाव लागत नाही आणि मुंबईचे चार महिने त्याचा जीव घेतात. माझ्या गाडीचे उजवे दार उघडले की अर्धा इंच खाली बसे आणि उचलून धरल्याशिवाय लागत नसे. बिजागरीचे स्क्रू बोटांनी फिरवले तरी बाहेर येत. पत्रा उकलून मी स्क्रूड्रायव्हरचे टोक आतल्या खांबाला लावले, तर ते जवळजवळ मुठीपर्यंत आत गेले आणि बाहेर आला तो ओल्या भुशासारखा काळा चुरा. बाहेरून रंग शाबूत, पत्रा शाबूत, आणि ज्यावर सारे उभे ते नाहीसे झालेले, अशी ती अवस्था होती.

राजापूरकडचे एक वयस्क सुतार माझ्या मदतीला आले. आम्ही सांगाडा एकदम उतरवला नाही. बॉडी चासीवर बोल्टने आवळलेलीच ठेवून एका वेळी एकच लाकूड काढायचे, त्याची कुसे आणि खाचा प्लायवर उतरवून घ्यायच्या, नवी फळी रंध्याने त्या मापाला आणायची, बसवायची, दार टांगून चारही बाजूंची फट सारखी आहे ना ते पाहायचे आणि मगच पुढच्या लाकडाला हात लावायचा, अशी आमची पद्धत होती. एकदम सारे उतरवले असते तर पत्रा आपला आकार विसरला असता. सुतारदादांचे म्हणणे सागवान वापरावे असे होते, आणि टिकण्याच्या दृष्टीने ते बरोबरही होते; परंतु मूळ लाकूड ॲशचे, म्हणून फर्निचरसाठी परदेशातून येणाऱ्या मालातून मी ॲशच्या फळ्या शोधून आणल्या. एकूण अकरा तुकडे बदलले, बाकी सारे मूळचे आहे. काढलेला प्रत्येक तुकडा, अगदी चुरा होत आलेला असला तरी, तारीख लिहून माळ्यावर ठेवला आहे आणि प्रत्येकाचे आधीचे व नंतरचे छायाचित्र वहीत लावले आहे. आता हे अकरा तुकडे म्हणजे बॉडी शेलमधला फेरफार मानायचा काय? वाड्याची कुजलेली तुळई काढून त्याच मापाची दुसरी घातली, तर आपण त्याला वाड्याची डागडुजी म्हणतो, वाडा बदलला असे म्हणत नाही.

इंजिनाच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक बारीक होतो. एक्सपीएजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या १,२५० सीसी इंजिनाला सिलिंडरचा व्यास ६६.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली होण्याची चाल, ९० मिलिमीटर असतो. वर्षानुवर्षे चाललेले सिलिंडर अंडाकृती घासले जातात आणि ते बोअर करून, म्हणजे आतून कोरून रुंद करून, मोठ्या मापाचे पिस्टन घालणे ही जगभरची रूढ दुरुस्ती आहे. परंतु व्यास दीड मिलिमीटरने वाढवला की तेच इंजिन हिशेबाने साधारण १,३०७ सीसीचे होते. नोंदणी पुस्तकात १,२५० लिहिलेले असताना तपासणीला बसलेल्या अधिकाऱ्याने याला काय म्हणावे? मी या शंकेपोटीच सिलिंडरना लायनर, म्हणजे आत बसणारी धातूची नळी, बसवून पुन्हा मूळ मापावर आणले. खर्च वाढला, कामही वाढले, त्याची मला खंत नाही; परंतु ही वाट मी केवळ भीतीने निवडली, नियम वाचून मला तसे ठरवता आले नाही.

याच इंजिनाने मला मूळपण म्हणजे काय ते शिकवले, म्हणून एक गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. माझी एमजी ज्या मॉरिस घराण्यातली, त्या मॉरिस कंपनीने १९२३ मध्ये कॉव्हेन्ट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी होती, आणि इंग्लिश मेकॅनिकच्या हातात पाने होते ते विटवर्थ या जुन्या इंग्लिश इंची मापाचे. म्हणून या इंजिनाच्या बोल्टचे आटे मेट्रिक असतात, डोकी मात्र विटवर्थच्या मापाची. हे ठाऊक नसताना मी नागदेवी स्ट्रीटवरून आठ मिलिमीटरचे बोल्ट आणले. बाजारात सर्रास मिळतो तो आठचा बोल्ट सव्वा मिलिमीटर पिचचा, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांत तेवढे अंतर असलेला, असतो. इंजिनाला हवा तो एक मिलिमीटर पिचचा. पहिले दोन आटे गोडीने फिरले आणि मग बोल्ट अडला. माझ्या हाताला तो अडणे कळले म्हणून मी थांबलो. पाना आणखी पाव फेरा ओढला असता, तर सत्तर वर्षांचा ओतीव ब्लॉक आट्यांवरून गेला असता. शेवटी कुर्ल्याच्या एका टर्नरने जुन्या बोल्टवरून नवे बोल्ट लेथवर काढून दिले, आटे एकच्या पिचचे आणि डोकी विटवर्थ मापाची. ते नवे आहेत, तरीही ते मूळच आहेत असे मी मानतो, आणि नियमानेही तसेच मानावे एवढीच माझी मागणी आहे.

दुसरी बाजू इंधनाची. ही मोटार तयार झाली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे असे आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (जळका वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) सीटला, म्हणजे बैठकीला, त्याचे संरक्षण मिळे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, ते सर्वांच्या आरोग्यासाठी आवश्यकच होते. परंतु इंजिनाच्या ओतीव हेडमध्येच (वरच्या भागातच) कापलेल्या जुन्या सीट त्यामुळे झिजतात आणि व्हॉल्व्ह आत धसत जातो, म्हणून त्या जागी कठीण धातूच्या सीट बसवाव्या लागतात. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. ते जुने रबर फुगवते, हवेतले पाणी ओढून घेते आणि हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या एसयू कार्बोरेटरच्या जेटभोवती असणाऱ्या कॉर्कच्या सीलही त्यात धोक्यात येतात. मी सर्व नळ्या आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. सीट, नळ्या आणि सील हे तिन्ही बदल मला सरकारी धोरणाने बदललेल्या इंधनामुळे करावे लागले. तेच उद्या सरकारी नियमाने मला अपात्र ठरवतील काय, हे विचारण्याचा मला अधिकार आहे असे मी नम्रपणे म्हणतो.

हे सारे मी एका परिवहन कार्यालयात जाऊन विचारले. तेथील अधिकाऱ्यांनी सौजन्याने ऐकून घेतले, नियमाची प्रत काढून दाखवली आणि यापुढचे सांगणे आपल्या हातात नाही असे प्रांजळपणे सांगितले. बाहेर उभा असलेला एजंट म्हणाला, “काका, लाकूड बदललं, लायनर घातले, हे सांगायला जाताच कशाला? बाहेरून कुणाला दिसतंय?” त्याचा हेतू वाईट नव्हता. पण सात वर्षे ज्या कामाची रोजची नोंद ठेवली, ती वही नेमकी ज्याने पाहायला हवी त्याच्यापासूनच लपवायची, हे माझ्या मनाला पटले नाही. नियम संदिग्ध राहिला तर काम दाखवणारा अडतो आणि काम झाकणारा सुटतो, ही मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट आहे.

अट मुळात का घातली असेल हे मी जाणतो आणि तिच्या हेतूच्या बाजूने आहे. सुटे भाग मिळेनात त्या काळात आपल्याकडे कितीतरी जुन्या मोटारींची मूळ इंजिने भंगारात गेली आणि त्यांच्या जागी मिळेल ते इंजिन बसले. मामांची गाडी बंद पडली तेव्हा शहरातल्या एका गॅरेजने त्यांनाही हाच सल्ला दिला होता; त्यांनी तो मानला नाही, म्हणून आज चासी आणि इंजिन या दोहोंवरचे क्रमांक जुन्या नोंदणी पुस्तकाशी जुळतात. चासी कापून लांबी बदलणे, दुसऱ्या जातीचे इंजिन घालणे, फायबरची नक्कल बॉडी चढवून जुना क्रमांक लावणे, या गोष्टींना व्हिंटेज नोंदणी मिळता कामा नये. त्याच मापाने, शक्य तिथे त्याच द्रव्याने आणि नोंद ठेवून केलेली दुरुस्ती मात्र यांच्या पंक्तीत बसवू नये.

परिवहन आयुक्त कार्यालयाने केंद्रीय मंत्रालयाशी विचारविनिमय करून या अटीचे स्पष्टीकरण काढावे, आणि ते मराठीतून काढावे, अशी माझी विनंती आहे. लाकडी सांगाड्याचे तुकडे, कुजलेल्या पत्र्याचे ठिगळ, बोअर व लायनर, व्हॉल्व्हच्या सीट, इंधनाच्या नळ्या आणि तारा यांचा त्यात नावानिशी उल्लेख असावा. अर्जदाराने छायाचित्रांसह कामाची वही जोडली तर ती पुरावा म्हणून स्वीकारावी. तपासणीच्या वेळी अशा मोटारींचे ज्ञान असणाऱ्यांचे मत घेण्याची सोय असावी. व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया ही संस्था मुंबईतच आहे.

उशीर परवडणारा नाही, कारण ही कामे जाणणारे हात कमी होत आहेत. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. त्या टॅक्सींवर कार्बोरेटर जुळवणारे, ठिणगी देणाऱ्या पॉइंटची फट नजरेने लावणारे, रेडिएटरला डाग देणारे कितीतरी कारागीर पोसले गेले होते. मला बोल्ट काढून देणाऱ्या टर्नरने गेल्या वर्षी लेथ विकला. राजापूरचे सुतारदादा आता गावी असतात आणि त्यांच्या मुलाने हा धंदा घेतलेला नाही. घरी मोटार उभी करणाऱ्यांना नोंदणीची खात्री वाटली, तरच ते या लोकांकडे काम घेऊन जातील.

गाडी तयार आहे, पेट्रोल घातल्यावर दुसऱ्या फेऱ्याला चालू होते आणि सोसायटीच्या आवारात पुढे-मागे होते. नोंदणीचा अर्ज मी अजून दिलेला नाही. माझी वही आणि माळ्यावरचे अकरा तुकडे कोणत्याही अधिकाऱ्यांना पाहायचे असल्यास मी ते घेऊन त्यांच्या कार्यालयात येईन, आणि स्पष्टीकरण निघाले की त्याच आठवड्यात वहीसह अर्ज दाखल करीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टूलरूम फिटर,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई