टोस्ट करा, पण बूच सांभाळून

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात लग्नसराईच्या पानावर टोस्टचा, म्हणजे ग्लास वर करून शुभेच्छा द्यायच्या त्या इंग्रजी पद्धतीचा, फोटो होता, नवरानवरी बाटली हलवून फेस उडवायलेत अन् मागं सगळे टाळ्या पिटायलेत, तो बघूनच लिहायला बसले. आमच्याकडं टोस्ट म्हटलं की बेकरीतून पाव किलो आणायचे अन् चहात बुडवायचे. तसं इंग्लंडात जुन्या काळी वाईनमध्ये भाजलेल्या ब्रेडचा तुकडा टाकायचे, त्यावरूनच हे नाव पडलंय, म्हणजे आपलं बुडवणं काही अगदीच गावंढळ नाही!

फेब्रुवारीत आमच्या दिरांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, लॉनवर कार्यक्रम. इव्हेंटवाल्यानं पॅकेजमध्येच टोस्ट धरलेला, बिनदारूच्या द्राक्षाच्या सोडावाल्या ज्यूसच्या बाटल्या, दिसायला हुबेहूब शॅम्पेन. त्या दुपारभर टेम्पोत तापल्या, संध्याकाळी पुतण्यानं त्यातली एक घेतली, दणादण हलवली, बुचावरची तार काढली अन् बूच सुटलं ते थेट हॅलोजनवर, काचा केकवर, निम्मा ज्यूस जाऊबाईंच्या पैठणीवर. बाकीच्या बाटल्या तर अर्धा तास आधीच फोडून ग्लासात ओतून ठेवलेल्या, भाषणं संपेस्तोवर त्याचं कोमट साखरपाणी झालं. आमचे माळकरी मामा, त्यांनी ग्लास नाकाशी नेला, वास घेतला, एकदा बाटलीकडं बघितलं अन् गुपचूप खुर्चीखाली ठेवून दिला. यात दारू नाही हे माईकवर एकदा सांगायला काय जात होतं?

खऱ्या शॅम्पेनच्या बाटलीत (खरी म्हणजे फ्रान्सच्या शॅम्पेन भागातलीच, आपल्या नाशिकची ती स्पार्कलिंग वाईन) कारच्या टायरच्या अडीच-तीन पट प्रेशर असतं. ज्यूसच्या बाटलीत कमी असेल, पण डोळा जायला तेवढंही पुरतं. म्हणून बाटली आधी अर्धा तास बर्फ अन् पाणी घातलेल्या टबात बुडवून ठेवा, नुसत्या बर्फात लवकर गार होत नाही. हलवायची अजिबात नाही. वर नॅपकिन टाकून बुचावर अंगठा दाबायचा, मग तार सैल करायची, बाटली तिरकी, तोंड माणसांकडं नाही, अन् बूच न फिरवता बाटलीच हळूहळू फिरवायची. फुस्स झालं की झालं, फटाक आवाज आला तर समजा चुकलं. 750 मिलीच्या बाटलीत सहा लहान ग्लास होतात, आधी थोडं ओता, फेस बसला की मग भरा. आणि बाटल्या फोडायच्या त्या शेवटचं भाषण चालू असताना, त्याच्या आधी नाही.

पण मी म्हणते, बाटली हवीच कशाला? जालन्याच्या मोसंबीला जीआय, म्हणजे त्या भागाचंच खास पीक म्हणून सरकारी मानांकन, मिळालाय, दुष्काळात टँकरच्या पाण्यावर लोकांनी बागा जगवल्यात, अन् आपण त्याच गावात रंगीत पाण्याला पैसे मोजायलोत. लहान ग्लासाला दोन मोसंब्या धरा, दोनशे माणसाला सत्तरेक किलो लागतात. फक्त रस सकाळी काढून फ्रीजमध्ये ठेवू नका, कडू होतो, अन् मिक्सरला लावून बिया भरडल्या तर त्याहून कडू. आडवी चिरून हाताच्या प्रेसनं ऐनवेळी काढायचा, चिमूटभर काळं मीठ, बस्स. मे महिन्यातल्या लग्नाला चांगली मोसंबी मिळायची नाही, तेव्हा कैरीचं पन्हं करा, गुळाचं, वेलदोडा घालून. दारूच ठेवायची असंल तर परवाना काढा अन् टेबल वेगळं मांडा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना ग्लासाचे वास घेत बसायला नको.

दिवाळीनंतर पुतण्याचा साखरपुडा आहे. मामांनी त्यांच्या बागेतले तीन-चार क्रेट कबूल केलेत, अट एकच घातलीय, ग्लास वर करून चिअर्स म्हणायचं नाही, राम कृष्ण हरी म्हणायचं.

आपली एक वाचक,
अंबड, जि. जालना