काका, त्या बटाट्याच्या पायबद्दल

प्रिय काका,

तुमच्या विगनमध्ये, इंग्लंडमधल्या या गावात, ऐंशीच्या माणसालाही सरळ नावानं हाक मारतात. सहा वर्षं झाली, मला ते काही जमत नाही. म्हणून काकाच. पत्र मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत मी तुम्हाला पन्नासदा थँक यू म्हटलं आणि दर वेळी तुम्ही हात झटकून बागेतल्या गोगलगायींचा विषय काढलात. इथे तुम्हाला मला अडवता येणार नाही. माझी लेक वाचून सांगेल तेवढं कळेल.

आधी थोडी भडास काढते. बाबा कोल्हापूरहून दोन महिन्यांसाठी आले आणि आल्या आल्या कळलं की आपल्या गावाची फुटबॉल टीम २०१३च्या एफए कप स्पर्धेच्या फायनलला गेलीय. मँचेस्टरला राहणारे आमच्यातलेच एक सद्गृहस्थ म्हणाले, "ताई, तिकिटांचं माझ्यावर सोडा." सोडलं. बाबांनी पेठेतल्या झाडून सगळ्यांना फोन करून सांगितलं की फायनलला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर चाललोय. गुरुवारपर्यंत "बघतो" होतं, मग फोन बंद. शनिवारी मात्र त्यांचा वेम्बलीतला फोटो फेसबुकवर अगदी वेळेवर आला. गळ्यात समोरच्या टीमची, मँचेस्टर सिटीची, आकाशी मफलर.

गुरुवारी संध्याकाळी बाबा पायरीवर बसले होते आणि तुम्ही कुंपणावरून विचारलंत, "शनिवारी चाललात ना?" बाबांना इंग्रजी येत नाही, पण प्रश्न कळला. त्यांनी नुसती मान हलवली. तिकिटं कुठून आणलीत, कुणाला गळ घातलीत, ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मीही खोदून विचारलं नाही.

पण हे पत्र तिकिटांसाठी नाही. पायसाठी आहे.

वेम्बलीला जाणाऱ्या बसमध्ये सगळ्यांच्या हातात मांस-बटाट्याचे पाय. (आमच्याकडच्या वाचकांनो, पाय म्हणजे मैद्याच्या आवरणात भाजलेलं सारण. विगनचे लोक ते इतके खातात की शेजारची गावं त्यांना त्यावरूनच चिडवतात.) बाबा एरवी तांबडा-पांढरा रस्सा ओरपणारे, पण गोमांस नाही आणि शनिवारी तर अंडंही नाही. मारुतीचा वार. हे मी तुम्हाला कधीतरी, बहुतेक डबे कचऱ्याला ठेवताना, बोलता बोलता सांगितलं होतं. मी विसरूनही गेले होते. तुम्ही पिशवीतून तपकिरी कागदाची पुडी काढलीत आणि बाबांच्या मांडीवर ठेवलीत. बटाटा-कांद्याचा पाय. "लोण्यातला आहे. चरबी नाही. दुकानात दोनदा विचारलं."

दोनदा.

मी आधी जिथे कामाला होते तिथे तीन वर्षं नाताळच्या जेवणाआधी लेखी कळवून तीन वर्षं कोशिंबिरीची पानं चघळली आहेत. "आधी सांगायला हवं होतंत," असं वर ऐकूनसुद्धा घेतलंय. त्यामुळे त्या 'दोनदा'वर मला बसमध्ये रडू आलं, आणि ते लपवायला मी खिडकीबाहेर बघत बसले. माणुसकी म्हटलं की आपल्याला पूर, अपघात, रक्तदान असलं काहीतरी आठवतं. सकाळच्या गर्दीत, मागे रांग खोळंबलेली असताना, परक्या देशातल्या म्हाताऱ्यासाठी चरबीची चौकशी करणारा माणूस कुणाला आठवतो? बाबांनी अर्धा खाल्ला, अर्धा बांधून ठेवला आणि निकाल दिला, "तिखटाला कमी हाय. पण मानूस बरा हाय."

पुढची बोली तर तुमची दोघांची. एकाची लँकेशायरची, एकाची शिवाजी पेठेची, आणि मधे मी झोपल्याचं सोंग घेतलेलं. तुम्ही त्यांना आपल्या टीमचे मालक डेव्ह व्हेलन यांची गोष्ट सांगत होतात. १९६०ची फायनल, हे ब्लॅकबर्नकडून खेळत होते, हाफटाइमच्या आधीच पाय मोडला, तेव्हा बदली खेळाडू नसायचा, उरलेले दहा जण वुल्व्ह्जकडून ३-० हरले. हे सगळं तुम्ही हातवाऱ्यांनी सांगितलंत. बाबांनी पँट वर ओढून गुडघ्यावरचा व्रण दाखवला. तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळताना, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर, त्यानंतर खेळ बंद. तुम्ही चष्मा लावून तो व्रण नीट पाहिलात. आमच्या घरात इतक्या आदरानं कुणी कधी पाहिला नव्हता. आईला तर त्याचा रागच होता.

मॅचचं काय सांगू, तुम्ही शेजारीच होतात. गेल्या वर्षी लीग जिंकलेली सिटी, अबूधाबीचा पैसा, आणि समोर आपण, १९७८ साली कुठे लीगमध्ये शिरलेले, रग्बीवर जीव टाकणाऱ्या गावातले. कॅलम मॅकमॅनमन नावाचं पोरगं त्यांच्या बचावाला नाचवत होतं. त्यालाच पाडून ८४व्या मिनिटाला सिटीचा झाबालेटा रेड कार्ड घेऊन बाहेर गेला. पाऊस लागलेला. बाबा पुटपुटत होते, "थोरल्या टीमला ऐंशी मिनिटं गोल दिला नाही की तिचे पाय जड होतात." मग भरपाईच्या वेळेत मॅलोनीचा कॉर्नर, आणि बदली म्हणून आलेल्या बेन वॉटसनचं डोकं. गोल, १-०. ज्याचा पाय त्याच मोसमात मोडला होता, तो वॉटसन. तुम्ही बाबांचा गुडघा थोपटत ओरडत होतात. बाबांनी तुमची टोपी काढून हवेत फेकली. ती सापडली नाही. तिचे पैसे तुम्ही घेत नाही, तेही इथे नोंदवून ठेवते.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. बाबा दर रविवारी दादाला सायकलवर बसवून स्टेडियमला न्यायचे. मी दारात उभी. पाटाकडील-खंडोबा या तालमींची मॅच असली की गल्लीभर आरडाओरडा ऐकू यायचा, त्यावरून मी गोल मोजायचे. मुलीला न्यायचं, हा विचारच घरात नव्हता. बाबा वाईट नव्हते, सुचलंच नाही त्यांना. तुम्ही खुर्च्यांवर बसवताना स्वतः कडेला सरकलात आणि मला त्यांच्या शेजारी ढकललंत. एक्केचाळिसाव्या वर्षी मी बाबांबरोबर पहिली मॅच बघितली. गोल झाल्यावर त्यांनी आधी तुम्हाला मिठी मारली, मग मला. मला चालतंय.

तीनच दिवसांनी आर्सेनलनं ४-१ हरवलं आणि आपण प्रीमियर लीगमधून खाली. कप जिंकून त्याच मोसमात खाली जाणारे आपण पहिलेच. मला वाटलं बुधवारी तुमचा पडदा बंद असेल. तुम्ही बाहेर गोगलगायी वेचत होतात.

बाबा जूनमध्ये परत जातील. त्याआधी जेवायला या. तांबडा-पांढरा करते, पांढरा आधी घ्या, तांबड्याला घाई करू नका, दही हाताशी ठेवीन. कुठल्याही दिवशी या. फक्त शनिवार सोडून.

तुमची,
कुंपणापलीकडची