खालच्या खोल्या मिलिंदसाठी

नागपूर, १० मार्च

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

खालच्या मजल्यासाठी भाडेकरू पाहायला बाबांनी मागच्या आठवड्यात फोनवर सांगितले होते. त्याविषयी फोनवर घाईघाईत बोलण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे वाटले. त्या दोन खोल्या भाड्याने न देता माझ्या शाळेपासूनच्या मित्राला, मिलिंदला, आणि त्याच्या आईला, म्हणजे मावशींना, राहायला द्याव्यात, अशी वर्षाची आणि माझी मनापासून इच्छा आहे. घर तुम्ही दोघांनी पोटाला चिमटा घेऊन बांधलेले आहे, त्यामुळे तुमचा होकार येईपर्यंत मी त्याच्याजवळ हा विषय काढणार नाही.

फेब्रुवारीत त्याला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात भरती करावे लागले, एवढेच मी तुम्हाला कळवले होते. तेव्हा त्याच्या छातीत एकाएकी कळा सुरू झाल्या, ताप चढला आणि श्वास पुरेना. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला फुफ्फुसाचा असा झटका आला, तर तो जिवावर बेतू शकतो. आजवर अनेकदा रक्त चढवल्यामुळे त्याच्या शरीरात बाहेरच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आहेत, म्हणून जुळणारी पिशवी मिळायलाच बराच वेळ गेला. या खेपेस तो वाचला. मात्र मूत्रपिंडेही आता थकत चालली आहेत आणि पुढचा झटका याहून जड जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी त्याच्यासमोरच स्पष्ट सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकले आणि मावशींना यातले किती सांगायचे, एवढेच मला विचारले.

औषध नियमित चालू असताना खुब्याचे हाड कसे निकामी झाले, असे बाबांनी विचारले होते. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, तर त्याच्या जेमतेम १० ते २० दिवस. प्राणवायू कमी पडला, अंगातले पाणी घटले किंवा थंडी लागली, की त्या विळ्यासारख्या वाकून कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. असे वर्षानुवर्षे होत राहिल्याने मांडीच्या हाडाच्या गोल टोकाला रक्त पोहोचले नाही आणि ते टोक हळूहळू मरत गेले. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी झटके कमी होतात, पण आधी झालेले नुकसान भरून येत नाही, आणि त्याला त्या गोळ्या मिळू लागल्या तेव्हा तो तिशीत पोहोचला होता. अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण लहानपणी आणि सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळली तर सर्वांत चांगले साधते, पण मिलिंद एकुलता एक आहे. ब्रिटन-अमेरिकेत २०२३ मध्ये या आजारावरच्या जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली, त्याची बातमी त्यानेच मला वाचून दाखवली होती. त्याचा खर्च मात्र आपल्यासारख्यांच्या आवाक्यात येणारा नाही.

आई, तुला आठवत असेल, पाचवीत तो पहिल्यांदा आपल्या घरी आला तेव्हा तू त्याला माठातले पाणी दिलेस आणि तो एकामागून एक तीन पेले प्यायला. शाळेत याच तहानेपायी त्याला फार सोसावे लागले. तासाला दोनदा लघवीला जाण्याची परवानगी मागतो म्हणून एका शिक्षकांनी त्याला आठवडाभर मागच्या भिंतीला उभे केले होते, आणि डोळे पिवळट दिसतात म्हणून मुले त्याच्या डब्याला हात लावत नसत. या आजारात मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही, म्हणून ती वारंवार होते आणि तहानही सारखी लागते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. तू काही न विचारता माझ्या दप्तरात दुसरी बाटली ठेवू लागलीस. तान्ह्या पोळ्याला आम्हा दोघांच्या मिळून एकाच लाकडी बैलाला तू झूल शिवली होतीस, आणि दसऱ्याला मावशी मला मिलिंदबरोबर दीक्षाभूमीवर नेत, तेव्हा एवढ्या गर्दीत दोघांचेही मनगट त्या क्षणभर सोडत नसत.

आठवीत डिसेंबरच्या थंडीत कवायतीच्या वेळी तो मैदानावरच कोसळला. बाबा, तुम्ही कचेरीतून स्कूटरवर आलात, त्याला पुढे उभा करण्याऐवजी आपल्या दोघांच्या मध्ये बसवलेत आणि तुमचा कोट त्याच्या अंगावर घातलात. मेडिकलमध्ये रक्त तपासल्यावर आजाराचे नाव पहिल्यांदा कळले. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि दोघांपैकी कुणालाही स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो, हे डॉक्टर समजावत होते. तेव्हा मावशी पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकल्या होत्या, आणि यात तुमचा काडीचाही दोष नाही, हे तुम्ही त्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहिलात. विदर्भात हा आजार इतक्या घरांत असूनही बाळ जन्मताच तपासणी होत नव्हती, याचे मला आजही अतिशय वाईट वाटते. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले. आमच्या लहानपणी असे काही असते, तर त्याचे पाय कदाचित शाबूत राहिले असते.

कळा असह्य झाल्या की तो एकोणतीसचा पाढा उलटा म्हणतो. दोनशे नव्वद, दोनशे एकसष्ट, दोनशे बत्तीस. हे त्याचे शाळेपासूनचे आहे. फेब्रुवारीत तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना त्याला बोलता येईना, म्हणून मी पाढा म्हणत होतो आणि तो माझ्या तळहातावर बोटाने प्रत्येक आकड्याला टिचकी देत होता. मी दोनशे तीनवर अडखळलो, तेव्हा त्याचे बोट थांबले आणि माझा आकडा बरोबर आल्यावरच पुढे सरकले.

आता तो नारी रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे कुबड्या घेऊन तो महिन्यातून फक्त तपासणीपुरता खाली उतरतो. रात्रीबेरात्री कळा सुरू झाल्या, तर सत्तरीच्या मावशींना शेजाऱ्यांची दारे ठोठवावी लागतात आणि मेडिकल शहराच्या दुसऱ्या टोकाला. महिन्याभरात ऊन तापू लागेल, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाईल, आणि वर गच्ची असलेली ती खोली कूलर लावूनही रात्री निवत नाही. अंगातले पाणी आटणे त्याला किती घातक आहे, ते वर लिहिलेच आहे. आपल्या खालच्या खोल्या मागच्या कडुनिंबामुळे थंड राहतात, पायऱ्या एकही नाहीत, आणि हनुमाननगरहून मेडिकल ऑटोने अगदी जवळ आहे. शिवाय वर मी आणि वर्षा आहोतच.

भाड्याच्या पैशांतून तुमची औषधे यावीत असा बाबांचा हिशेब होता, हे मला माहीत आहे. ती रक्कम मी दर महिन्याला तुमच्या खात्यात भरीन. मिलिंद फुकट राहायला तयार होणार नाही. दुकानदारांचे जमाखर्च लिहून त्याला जे मिळते, त्यातून तो देईल ते मी घेईन आणि त्याच्याच औषधांसाठी बाजूला ठेवीन. आई, देवघर आणि तुझे कपाट आहे तिथेच राहील. दिवाळीला तुम्ही याल तेव्हा आमची पुढची खोली तुमची, आणि जिना जड वाटला तर मावशींसोबत खालीच झोपता येईल.

न्हाणीघरात धरायला दांडी आणि उंच कमोड बसवावा लागेल. नळवाला रविवारी येतो म्हणाला आहे, म्हणून शनिवारपर्यंत दादाच्या फोनवरून मला कळवावे. बाबांना काही शंका असतील तर त्याही मोकळेपणाने सांगाव्यात. वर्षाचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमचा,
प्रशांत