विभागप्रमुख गट : शनिवारच्या बैठकीची आठवण

सर्वांना नमस्कार. येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता दादरला नेहमीच्या जागी जमायचं आहे.

येताना अलीकडच्या एकाच प्रसंगाची पानभर नोंद आणा. वेळापत्रकावरची कुरबुर, परीक्षेच्या सुपरव्हिजनची वाटणी, नाकारलेली रजा, काहीही चालेल. काय घडलं, आपण काय गृहीत धरलं, समोरच्याला काय वाटलं असेल, ते लिहा. सहकाऱ्याचं नाव मात्र नको.

काम चालू असतानाचा विचार आणि काम झाल्यावरचा विचार हा फरक अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली मांडला. आपल्याला काम झाल्यावरच्या विचाराची सवय लावायची आहे. उत्तम शिकवणाऱ्याला माणसं सांभाळणं आपोआप येत नाही, आणि विभागप्रमुखाच्या खुर्चीवर बसवताना ते कुणी शिकवतही नाही.

बैठकीत सल्ले नकोत, प्रश्न विचारा. नोंद झाली नसली तरी नक्की या.