झोपलंय ना, उठू दे

प्रिय मॅडम,

नाव लिहीत नाही, तुमचंही नाही आणि आमचंही नाही. लेकीची गोष्ट पुढे कुणाला सांगायची, ते तिचं ती ठरवेल. पण हे लिहिल्याशिवाय मला चैन पडेना.

पहिल्या दवाखान्यात मुलगा की मुलगी ते कुणी सांगेना. "उद्या बघू." उद्या पाच जण आले, दुपटं काढून पाहिलं, एकाने मोबाइलवर फोटोही काढला. मला विचारलं नाही. एक मोठे डॉक्टर दारातूनच म्हणाले, "छोटं ऑपरेशन करून टाकू, या वयातलं काही आठवत नाही." बाहेर सासूबाईंना फोनवर फोन, पेढे की बर्फी? नवव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, तर म्हणे दूध जास्त होतंय. सगळ्यांची नजर एकाच जागी; रक्तातलं सोडियम तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ऐन बारशाच्या दिवशी, मान टाकलेलं बाळ घेऊन आम्ही तुमच्या दारात आलो. "आधी मीठ-पाणी, बाकीचं मग," म्हणालात. सलाइन, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन... त्या रात्रीचं मला फारसं आठवत नाही.

आठवतं ते तीन दिवसांनंतरचं. तुम्ही तपासायला आलात. शिकाऊ डॉक्टरांना बाहेर थांबवलंत, पडदा ओढलात. मी सवयीने लंगोटाची गाठ सोडायला लागले, तर माझा हात धरलात. "झोपलंय ना, उठू दे." आणि स्टूल ओढून बसलात. चांगली वीसेक मिनिटं. अधूनमधून तळहात एकमेकांवर चोळत होतात, बाळाला गार लागू नयेत म्हणून.

झोपलंय! मॅडम, तोवर आमची जीभच अडखळत होती. झोपला म्हणायचं की झोपली? रडतोय की रडतेय? चुकायला नको म्हणून सासूबाई बाळाशी बोलायच्याच बंद झाल्या होत्या. खरं सांगायचं तर मीही. बाळ 'ते' असतं, लेकरू 'ते' असतं, हे जन्मभर मराठी बोलणाऱ्या आम्हाला तुमच्या तोंडून आठवावं! त्या दुपारी सासूबाई पाळण्यात वाकून म्हणाल्या, "उठलं का माझं सोनं?" पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

पुढे रिपोर्ट आले. क्रोमोसोम एक्सएक्स म्हणजे मुलीचे, पोटात गर्भाशय, रक्तात 17-ओएचपी नावाचं हार्मोन भरमसाट. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत एक एन्झाइम कमी, म्हणून अंगातलं मीठ लघवीवाटे निघून जातं आणि पुरुषी हार्मोन वाढतात. हे ग्रहणात भाजी चिरल्यामुळे झालेलं नाही, हे तुम्ही सासूबाईंना मुद्दाम माझ्यादेखत सांगितलंत. तेही विसरणार नाही. ऑपरेशनचं विचारलं, तर म्हणालात, "मुलगी म्हणून वाढवा. बाकीची घाई नाही, तिला कळू लागलं की तिलाच विचारू." ह्यांनी नंतर वाचलं, 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही बाळांवरच्या अशा ऑपरेशनांबद्दल हेच बजावलंय, जीवावर बेतलं असेल तरच करा म्हणून. तुम्ही कोर्टाचं नावही काढलं नव्हतंत.

आता ती 14 महिन्यांची आहे. दिवसातून तीनदा गोळी कुटून देतो, ताप आला की डोस वाढवतो. गोळीचा चमचा दिसला की तोंड घट्ट मिटते, भारी खट आहे.

बारसं उशिरा केलं तेव्हा तुम्हाला बर्फी पाठवली होती. ती तुम्ही सगळी वॉर्डातल्या मावशींना वाटलीत, असं कळलं. पुढच्या तपासणीला दोन डबे आणते. एक तुमच्या हातात देईन आणि तुम्ही एक तुकडा तोंडात टाकेपर्यंत स्टूल ओढून बसेन.

तुमची,
तिची आई